चिखलात पुढची चाके का फिरत नाहीत? फोर व्हील पिकअपमधील बिघाड शोधण्याची रीत

आंबिया बहाराची संत्री उतरायला लागतात त्याच सुमारास, ऑक्टोबरमध्ये, परतीचा पाऊस गाठतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर भागातील बागायतदारांना हे नवीन नाही. क्रेट भरून तयार असतात, नागपूरला कळमन्याच्या बाजारात वेळेवर पोचायचे असते आणि बागेपासून डांबरी सडकेपर्यंतच्या पांदण रस्त्यातच गाडी फसते. फोर व्हीलची पिकअप मुद्दाम घेतलेली असूनही पुढची चाके जागची हलत नाहीत. शेवटी ट्रॅक्टर आणून टोचन करावे लागते. दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणतो, ‘ट्रान्सफर केस खोलावी लागेल.’

तशी परवानगी देण्याची घाई करू नये. ट्रान्सफर केस खोलणे हे खर्चाचे आणि वेळखाऊ काम आहे. दोष मात्र पुष्कळदा बाहेरच्या साध्या भागात असतो. म्हणून तपासणी बाहेरून आत करीत जावी.

आधी बिघाड आहे का ते पाहा

गाडी फसल्यावर एकाने खाली उतरून, बाजूला लांब उभे राहून कोणती चाके फिरतात ते पाहावे. चार चाकांना जोर दिला म्हणजे चारही चाके फिरलीच पाहिजेत, हा समज चुकीचा आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये, ज्या चाकाला पकड कमी तेच मोकळे फिरते. त्यामुळे पुढचे एक आणि मागचे एक चाक फिरत असेल तर यंत्रणा ठीक आहे, जमिनीत पकड नाही इतकेच. आपल्याकडील भारी काळी माती ओली झाली की फुगते आणि टायरच्या खाचांत घट्ट बसते. मग नवा टायरही गोट्यासारखा गुळगुळीत होतो. अशा वेळी खाचा साफ कराव्यात, चाकाखाली पऱ्हाटी किंवा तुराट्या टाकाव्यात. गिअरबॉक्सला दोष देऊ नये.

पुढचे एकही चाक फिरत नसेल आणि मागचेच फिरत असेल, तर मात्र खरा बिघाड आहे.

जॅकवरची परीक्षा

ही परीक्षा कोरड्या, सपाट व कठीण जागेवर करावी. बोलेरो कॅम्परसारखी पिकअप असो की जुनी जीप, ज्या गाडीचे हब हाताने लॉक होतात किंवा ज्या गाडीच्या हबला लॉकच नाही, अशा गाड्यांना ती लागू पडते. इंजिन बंद करावे. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. ट्रान्सफरचा लिव्हर ४ एचवर घ्यावा आणि दोन्ही हब लॉक करावेत. नंतर पुढचे फक्त एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावे.

चाक किंचित हलून अडले तर त्या बाजूची जोडणी शाबूत आहे. ते मोकळे फिरले तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट काय करतो ते बाजूने वाकून पाहावे. जॅकवरच्या गाडीखाली शिरू नये. चाकाबरोबर शाफ्टही फिरत असेल तर चाकापासून शाफ्टपर्यंत सर्व ठीक आहे. ट्रान्सफर केसमध्ये गिअर पडत नाही किंवा लिव्हरचे दांडे, पिना आणि बुश ढिले झाले आहेत. दांडे बाहेरून दिसतात, म्हणून आधी ते पाहावेत. चाक फिरते पण शाफ्ट स्थिर असेल तर हब लागत नाही किंवा एक्सल तुटला आहे. अशा वेळी ट्रान्सफर केसला हात लावण्याचे कारणच नाही. दुसऱ्या बाजूच्या चाकालाही हीच परीक्षा करावी, कारण एका बाजूचा हब लागला नाही तरी पुढचा सगळा जोर वाया जातो.

एक धोका लक्षात ठेवावा. चाक जॅकवर असताना फोर व्हीलमध्ये इंजिन कधीही सुरू करू नये. जमिनीवर टेकलेली चाके गाडीला जॅकवरून खाली ओढतात.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. पूर्वीच्या मालकाने डिझेल वाचवायला पुढचा शाफ्टच काढून ठेवलेला असतो. लिव्हर छान पडतो, पण जोडलेले काहीच नसते!

हब, नळ्या व फ्यूज

हाताने फिरवायचे हब वर्षभर वापरले नाहीत तर आतले ग्रीस घट्ट होते, चिखलाचे पाणी शिरून गंज चढतो. हब खोलून रॉकेलने किंवा डिझेलने धुवावा, हलके नवे ग्रीस लावावे. ग्रीस ठासून भरू नये, त्यानेही हब अडतो. ज्या गाड्यांत हे काम व्हॅक्यूमवर चालते, तेथे रबरी नळ्या पाहाव्यात. गोठ्याशेजारी उभ्या केलेल्या गाडीच्या नळ्या उंदीर कुरतडतात, हे आपणास सांगायला नको. व्हॅक्यूम पंपावरच ब्रेकचा बूस्टरही चालतो. म्हणून फोर व्हील लागत नाही आणि ब्रेकही कठीण झाला, असे दोन्ही घडले तर पंप किंवा मुख्य नळी तपासावी. ब्रेकचा प्रश्न असल्याने ती गाडी माल भरून सडकेवर नेऊ नये. बटणाने फोर व्हील लागणाऱ्या गाडीत आधी फ्यूज, मग बॅटरी, मग गाडीखालील वायरच्या जोडण्या पाहाव्यात.

लिव्हर अडकणे

ही तक्रार बहुधा वापरातून येते. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. या गाड्यांत पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांना पक्का बांधला जातो. चिखलात चाक थोडे घसरून फरक भरून काढते. डांबरावर घसरता येत नाही, म्हणून शाफ्टांत पीळ भरतो. स्टीअरिंग जड होते आणि लिव्हर निघत नाही. त्यावर हातोडी मारू नये. गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी, पीळ सुटतो.

टायर सारखे नसले तर सरळ चालतानाही हेच घडते. मागे दोन नवे व पुढे दोन झिजलेले टायर टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. परीघ २२० सें.मी. आणि २२४ सें.मी. असा केवळ ४ सें.मी.चा फरक धरला तरी एका किलोमीटरमध्ये सुमारे १८ मीटरचा फरक साठतो. तो कुठे तरी भरून निघणारच: टायरमधून, क्रॉसमधून किंवा ट्रान्सफर केसमधून. चारही टायरचा परीघ टेपने मोजावा, हवा कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवावी.

ऑइल

नाला ओलांडल्यावर ऑइल तपासण्याची सवय फार थोड्यांना आहे. तापलेला एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते. वरची श्वासनळी मातीने बुजली असेल तर ऑइल सीलमधून पाणी ओढले जाते. लेव्हलचा बोल्ट काढून बोट लावावे. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे, ते लगेच बदलावे. ट्रान्सफर केसचे ऑइल सर्व गाड्यांत एकच नसते. काहींत गिअर ऑइल, काहींत गिअरबॉक्सचे पातळ एटीएफ लागते. दुकानदार देईल ते न घालता पुस्तकात पाहून घालावे. शाफ्टच्या क्रॉसला निप्पल असेल तर पावसाळ्यापूर्वी व नंतर ग्रीस द्यावे. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढून कट-कट आवाज आला तर एक्सलच्या जोडाचे रबरी बूट फाटले आहे का ते पाहावे. फाटलेले बूट वेळीच बदलले तर जोड वाचतो.

वापरताना

फोर व्हील चिखलात शिरण्यापूर्वी लावावे. चाके जोरात फिरत असताना लिव्हर ओढल्यास गिअरचे दात खातात. ४ एल लावायचे असेल तर गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून लावावे. महिन्यातून एकदा कोरड्या वखरलेल्या वावरात दोन-तीनशे मीटर फोर व्हीलमध्ये गाडी चालवावी. भाग मोकळे राहतात आणि बिघाड असेल तर तो मृगापूर्वीच कळतो. त्या फेरीत हब, नळ्या, टायर व ऑइल पाहून काय आढळले ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे आणि गाडी कामाला देताना तीच वही मिस्त्रीपुढे ठेवावी.