दोन मतांचा हिशेब

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी लोकशाही आणि निवडणुका या विषयावर काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असलेलेच पुन्हा लिहिण्यात अर्थ नव्हता. म्हणून तीस वर्षे इतिहास शिकविताना विद्यार्थ्यांनी सर्वाधिक वेळा विचारलेला एकच प्रश्न येथे घेतो. ज्यांनी सर्वांना मताचा अधिकार मिळवून दिला, ते बाबासाहेब स्वतः निवडणुकीत कसे पराभूत झाले?

'लोकांना त्यांची किंमत कळली नाही' हे उत्तर सर्वत्र ऐकू येते. ते पूर्णपणे चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. मते किती पडली याइतकेच, मते कोणत्या रीतीने द्यायची आणि कोणत्या रीतीने मोजायची, याचे नियमही निकाल ठरवीत असतात. ही बाब आपल्या समाजाने फार मोठी किंमत देऊन शिकलेली आहे.

प्रारंभ 1932 पासून करावा लागेल. त्या वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या जातीय निवाड्याने अस्पृश्य मतदाराला दोन मते दिली होती. एक स्वतःच्या स्वतंत्र मतदारसंघात आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. 24 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्यात झालेल्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतिक कायदेमंडळांत 148 राखीव जागा आल्या. जागा वाढल्या, पण त्या जागांवर कोण बसणार हे आता संयुक्त मतदारसंघ ठरविणार होता. करारात प्राथमिक निवडणुकीची तरतूद होती. तीत अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडावयाचे आणि त्या चौघांपैकी एकास सर्वांनी मिळून निवडून द्यावयाचे. म्हणजे आपल्या समाजात चौथ्या क्रमांकाची मते मिळविणाराही आपला प्रतिनिधी होऊ शकत असे. बाबासाहेबांचा पुढील सगळा आक्षेप या एका वाक्यात सामावलेला आहे.

1937 साली मुंबई प्रांतात निवडणूक झाली. विधानसभेच्या 175 जागांपैकी 15 अस्पृश्यांसाठी राखीव होत्या. बाबासाहेबांनी 1936 मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे बहुतेक उमेदवार या निवडणुकीत विजयी झाले आणि स्वतः बाबासाहेबही भायखळा-परळ भागातून निवडून आले. पक्ष नवा, हाताशी पैसा नाही, समोर काँग्रेस. मग हे साधले कसे? कार्यकर्त्यांची निष्ठा होतीच, परंतु मतदानाची पद्धतीही साहाय्यक ठरली. मुंबई प्रांतात तेव्हा क्युम्युलेटिव्ह पद्धती होती. मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला मिळत आणि ती सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत.

वर्गात मी हे फळ्यावर शंभर मतदार धरून समजावतो. दोन जागा, त्यांतील एक राखीव. सत्तर मतदार बहुसंख्य समाजाचे, तीस आपले. मोठ्या पक्षाने सर्वसाधारण जागेसाठी 'अ' आणि राखीव जागेसाठी 'ब' हा उमेदवार दिला. आपला उमेदवार 'क'. आपल्या तीसही जणांनी दोन्ही मते 'क'ला दिली, तर त्याची साठ झाली. तिकडे सत्तरांपैकी तीस जणांनी आवडीपोटी दोन्ही मते 'अ'ला दिली आणि उरलेल्या चाळिसांनी एकेक वाटून दिले, तर 'अ'ला शंभर आणि 'ब'ला चाळीस मते पडतात. राखीव जागा 'क'ला मिळते. आता नियम बदला. एका उमेदवाराला एकच मत देता येईल, असे ठरवा. सत्तर जणांना दुसरे मत 'अ'ला देता येत नाही, म्हणून ते 'ब'कडे जाते. 'अ'ला सत्तर, 'ब'ला सत्तर आणि 'क'ला तीस. मतदार तेच, त्यांची मनेही तीच. 'क' मात्र पडतो.

स्वतंत्र भारतात नेमका हा दुसरा नियम आला. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या 489 जागा होत्या, पण मतदारसंघ 401 होते. त्यांपैकी 86 मतदारसंघ द्विसदस्य होते आणि एक त्रिसदस्य. लोकप्रतिनिधित्वाच्या 1951 च्या कायद्याने अशा ठिकाणी मतदाराला जागांइतकी मते दिली, परंतु एका उमेदवाराला एकाहून अधिक मत देण्यास मनाई केली. हे विधेयक कायदामंत्री या नात्याने बाबासाहेबांनीच संसदेत मांडले होते, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. मंत्री जे विधेयक मांडतो ते मंत्रिमंडळाचे असते. त्यातील प्रत्येक कलम त्याच्या मनासारखे असतेच असे नाही.

जानेवारी 1952 मध्ये बाबासाहेब मुंबई शहर उत्तर या द्विसदस्य मतदारसंघातून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उभे राहिले. समाजवादी पक्षाशी समझोता होता. सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता उमेदवार होते. आपल्या लोकांनी दुसरे मत मेहतांना आणि समाजवाद्यांनी दुसरे मत बाबासाहेबांना द्यावयाचे, असा तो व्यवहार. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर 1,38,137 मते मिळवून निवडून आले. बाबासाहेबांना 1,23,576 मते पडली. अंतर 14,561 मतांचे. बाबासाहेब आणि मेहता यांनी नंतर निवडणूक न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. 74,333 मते बाद झाल्याचा मुद्दा त्यात होता आणि कम्युनिस्टांनी मते कुजविण्याचा प्रचार केल्याची तक्रारही होती. अर्ज फेटाळला गेला.

'मत कुजविणे' हा शब्द आजच्या मुलांना ठाऊक नाही. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि द्विसदस्य मतदारसंघात मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच मोजली जाई, दुसरी वाया जाई. आपल्या उमेदवाराच्या प्रतिस्पर्ध्याला मदत होऊ नये म्हणून दुसरे मत जाणूनबुजून असे वाया घालविणे, म्हणजे मत कुजविणे.

1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हाच पेच पुन्हा उभा राहिला. माझे वडील तेव्हा विशीत होते आणि सायकलवरून गावोगाव प्रचार करीत होते. काही कार्यकर्त्यांचे मत होते की, आपल्या लोकांनी दुसरे मत कुजवावे. बाबासाहेबांनी त्यास नकार दिला, संविधान लिहिणाऱ्याने मत वाया घालविण्यास सांगावे हे त्यांना मान्य नव्हते, असे वडील सांगत. आपल्या लोकांनी दोन्ही मते दिली. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले. आपली मते तिकडे पोहोचली. तिकडची पुरेशी इकडे आली नाहीत. पक्षांची युती नेत्यांच्या बैठकीत होते, पण तिची परीक्षा मतपेटीपाशी जातीच्या मनात होते, हे मला त्या निकालाने शिकविले. वडिलांनी दुसरे मत दिल्याचा पश्चात्ताप कधी बोलून दाखविला नाही. मात्र भंडाऱ्याचा विषय निघाला की ते बराच वेळ गप्प बसत.

द्विसदस्य मतदारसंघ पुढे रद्द झाले ते आपल्या तक्रारीमुळे नव्हे. 1957 मध्ये आंध्रातील पार्वतीपुरम येथे अनुसूचित जमातीचे दोन उमेदवार दोन्ही जागांवर निवडून आले आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. राखीव जागा भरल्यावर उरलेली जागा सर्वाधिक मते मिळविणाऱ्याची, मग तो कोणत्याही समाजाचा असो, हा नियमच होता आणि 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला. 1961 च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले. या क्रमाचा अर्थ वाचकांनी स्वतः लावावा.

आज राखीव मतदारसंघात उमेदवार सगळे अनुसूचित जातीचे आणि मतदार सगळ्या समाजांचे असतात. महाराष्ट्र विधानसभेच्या 288 पैकी 29 जागा अशा आहेत. उमेदवारी पक्ष देतो आणि विजयासाठी लागणारी बहुतांश मते आपल्या वस्तीबाहेरची असतात. त्यामुळे निवडून आलेला आपला माणूस सभागृहात अनेकदा गप्प का बसतो, याचे कारण त्याच्या स्वभावात शोधण्याआधी या हिशेबात शोधावे.

आपल्या वसतिगृहाच्या विद्यार्थी मंडळासाठी दोन वर्षांपासून आम्ही प्रत्येक मुलाला दोन चिठ्ठ्या देतो आणि दोन्हींवर एकच नाव लिहिण्याची मुभा ठेवतो. पूर्वी दोन्ही जागा नववी-दहावीकडे जात. गेल्या वर्षी पाचवी-सहावीच्या मुलांनी एकजुटीने आपला एक प्रतिनिधी निवडून आणला. पहिल्याच बैठकीत त्याने आंघोळीच्या गरम पाण्याच्या वेळापत्रकाचा विषय मांडला. लहान मुलांची पाळी तोवर सर्वांत शेवटी येत असे.