ज्याची त्याची तंद्री

पणजीत, मांडवीच्या काठाला, जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारियांचा पुतळा उभा आहे. अंगात पाद्र्याचा झगा, दोन्ही हात पुढे ताणलेले आणि त्या हातांखाली मागे कलंडत गेलेली एक स्त्री. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेलं हे काम. गोव्याला गेले की मी तिथे थांबतेच. शिल्प म्हणून ते अप्रतिम आहे. पण पाहणाऱ्याला वाटतं, त्या बोटांतून काहीतरी निघून बाईच्या अंगात शिरतंय. आणि फारियांनी तर आयुष्याची शेवटची वर्षं नेमकं याच्या उलट सांगण्यात खर्ची घातली.

जोझे कुस्तोदिउ द फारिया हे बार्देशातल्या कांदोळीचे, जन्म १७५६ सालचा. १७७१ मध्ये वडिलांबरोबर ते लिस्बनला पोचले, रोमला शिकून धर्मशास्त्राचे डॉक्टर झाले आणि क्रांतीच्या तोंडावर पॅरिसला आले. १८१३ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांनी तिथल्या क्लिशी रस्त्यावर आपले संमोहनाचे जाहीर वर्ग सुरू केले. त्या काळी या विद्येवर मेस्मर नावाच्या वैद्याची छाप होती. अंगात एक अदृश्य चुंबकी प्रवाह असतो आणि वैद्य हात फिरवून तो रोग्यात सोडतो, असं मेस्मरचं म्हणणं. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने याची चौकशी करायला समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिन यांच्या बागेतलं जर्दाळूचं एक झाड ‘भारून’ ठेवलं गेलं आणि १२ वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आलं. चौथ्या झाडापाशी मुलगा बेशुद्ध होऊन पडला. ते झाड भारलेलं नव्हतंच. प्रवाहबिवाह काही नाही, ही सगळी कल्पनेची करणी, असा समितीने निकाल दिला आणि कागद बांधून ठेवले. नुसत्या कल्पनेने धडधाकट मुलगा जमिनीवर कोसळतो, ही गोष्ट कुणालाच थांबून पाहावीशी वाटली नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

ती फारियांनी पाहिली. ते समोरच्याला आरामात बसवत, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगत आणि तो शांत झाला की मोठ्याने आज्ञा करत, ‘झोपा!’ दोन-चारदा सांगूनही काही घडलं नाही तर दुसरा मार्ग घेत. उघडा तळहात समोर धरून त्याकडे एकटक पाहायला लावायचं आणि हात हळूहळू डोळ्यांजवळ आणायचा. तेही फसलं तर कपाळाला, नाकाच्या मुळाशी, छातीशी, गुडघ्यांना, पावलांना हलका स्पर्श. इतक्यानेही नाही जमलं, तर त्या माणसाला सोडून देत. प्रवाह नाही, माझ्या इच्छेचा जोर नाही, जे घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात घडतं, हे ते वर्गात सांगत राहिले. काहींना ही झोप चटकन का लागते, याचं उत्तर मात्र त्यांनी चुकीच्या जागी शोधलं. ज्यांचं रक्त पातळ ते लवकर झोपतात, असं त्यांना वाटे. १८१९ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी ते गेले.

पद्धती पुढे वाढतच गेल्या. हुगळीत १८४५ पासून जेम्स एस्डेल या स्कॉटिश सर्जनने रोग्याच्या अंगावरून तासन्‌तास हात फिरवून घेत मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. त्यासाठी हाताखालची माणसं नेमली होती. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड यांनी चकाकत्या वस्तूकडे नजर खिळवायला लावली आणि १८४३ च्या पुस्तकात या अवस्थेला आजचं इंग्रजी नाव दिलं. नॅन्सीच्या बर्नहाइम यांनी शब्दांवर, सूचनेवर भर दिला. मग अंग टप्प्याटप्प्याने सैल सोडायला लावणं आलं, हात आपोआप वर उचलला जाणं आलं, जिना उतरत आकडे मोजणं आलं. सिनेमात लोलक हलवणारा माणूस दिसतो, तो या साऱ्याचा फार दरिद्री अवतार आहे.

पण फारियांचा मूळ प्रश्न तसाच उरला होता: ही झोप कुणाला लागते, कुणाला लागत नाही? त्याचं पद्धतशीर उत्तर अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शोधलं गेलं. आंद्रे वाइट्झेनहॉफर आणि अर्नेस्ट हिलगार्ड यांनी १९५९ मध्ये मोजपट्टी तयार केली. तिची १९६२ ची आवृत्ती आजही वापरतात. बारा कसोट्या असतात. ताणून धरलेला हात आपोआप खाली येतो का, इथपासून सुरुवात. एका कसोटीत सांगतात की एक डास भुणभुणतोय, तुमच्या हातावर बसलाय. कुणी तो झटकून टाकतं, कुणाला नुसतीच हुळहुळ जाणवते, कुणाला काहीच नाही. ढोबळमानाने दर दहांत एखाददुसरा फार सहज संमोहित होतो, तितक्यांवर जवळपास काहीच परिणाम होत नाही आणि उरलेले मधले. आता ज्या गोष्टीने मी थक्क झाले ती सांगते. याच विद्यापीठात ज्यांची विद्यार्थिदशेत मोजणी झाली होती अशा ५० जणांची २५ वर्षांनी पुन्हा मोजणी केली. मधल्या काळात संसार झाले, नोकऱ्या झाल्या, केस पिकले. पण ज्याची पातळी जिथे होती तिच्याच आसपास ती बहुतेकांची राहिली होती.

सहज संमोहित होणारी ही माणसं कशी ओळखायची? ‘मनाने कमकुवत तो लवकर वश होतो’ हा आपल्याकडचा समज साफ खोटा आहे. बुद्धीशी, भोळेपणाशी याचा संबंध नाही. जोसेफिन हिलगार्ड यांनी अशा माणसांशी प्रदीर्घ बोलून पाहिलं तेव्हा त्यांच्यात एक धागा सापडला, गुंगून जाण्याचा. वाचताना हाक ऐकू न येणारी, गाणं ऐकताना चहा निवून गेलेला न कळणारी माणसं. मराठीत याला तंद्री लागणं म्हणतात आणि माझ्या मते ‘संमोहन’ या शब्दापेक्षा हा शब्द अवस्थेच्या जास्त जवळ जातो. संमोहन कुणीतरी करतं. तंद्री ज्याची त्यालाच लागते.

मग पद्धत बदलली की न लागणाऱ्यालाही ती लागू लागते का? यावर बाजारात पुष्कळ दावे आहेत. थेट हुकमी सूचना आज्ञाधारक माणसाला, आडवळणाची सूचना चिकित्सक माणसाला, असे तक्ते मिळतात. आडून दिलेल्या सूचनेने जवळजवळ सगळेच संमोहित होतात असंही म्हटलं गेलं. पण प्रयोगशाळेत दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर सरासरीत फारसा फरक निघाला नाही. क्षमता माणसाची असते आणि पद्धत ती फार वाढवत नाही. तरीही गेली २२ वर्षं कोल्हापुरात समुपदेशन करताना मी पद्धत निवडण्यावर सर्वांत जास्त वेळ घालवत आले आहे. का, ते एका माणसावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मधुमेहाला इन्शुलिन सुरू करायचं होतं आणि सुई पाहिली की काका घेरी येऊन पडत. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, डोळे मिटा, खांदे सैल सोडा. दोन मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम आला. डोळे उघडून म्हणाले, “मॅडम, हे नको. डोळं मिटलं की गाडी सुटल्यागत वाटतंय.” तीस-पस्तीस वर्षं मागे चाळीस-पन्नास जीव घेऊन चाललेल्या माणसाला मी सैल सोडायला सांगत होते. त्यातून चूक माझीच, आणि ती वैद्यकीयही होती. सुईला किंवा रक्ताला पाहून ज्यांना चक्कर येते त्यांचा रक्तदाब त्या क्षणी एकदम खाली जातो. अशांना अंग सैल सोडायला नव्हे, स्नायू आवळायला शिकवावं लागतं. स्वीडनचे लार्स-योरान अस्ट यांनी ही रीत १९८० च्या दशकात मांडली.

पुढच्या खेपेला मी विचारलं, “काका, सगळ्यात अवघड रस्ता कुठला?” “आंब्याचा घाट. पावसाळ्यात, धुक्यात.” मग डोळे उघडे ठेवून, समोरच्या भिंतीकडे बघत आम्ही मलकापूरहून निघालो. दोन्ही हातांची स्टेअरिंगवर पक्की पकड. पाय क्लचवर, दाबून. धुकं आलं की पकड आणखी घट्ट. मी फार थोडं बोलत होते. वळणं तेच सांगत होते, हॉर्न कुठे द्यायचा तेही. पाचव्या-सहाव्या वळणाला त्यांची पापणी लवायची थांबली, श्वासाची लय बदलली. बाहेर रिक्षा कर्कश्श वाजली, त्यांना पत्ता नव्हता. तिसऱ्या खेपेला नर्सने सुई दिली तेव्हा आम्ही घाट उतरून साखरप्याच्या अलीकडे होतो.

ही माझी हुशारी नाही. हंगेरीच्या एवा बान्याई यांनी अर्नेस्ट हिलगार्ड यांच्यासोबत १९७६ मध्येच दाखवून दिलं होतं की व्यायामाची सायकल मारत, डोळे उघडे ठेवून, ताजंतवानं राहण्याच्या सूचना ऐकत माणूस जवळपास तितकाच संमोहित होतो. आणि त्याआधी फिनिक्सचे मिल्टन एरिक्सन. वयाच्या सतराव्या वर्षी पोलिओने अंथरुणाला खिळलेला हा मुलगा पडल्या पडल्या घरच्यांच्या हालचाली न्याहाळत राहिला आणि पुढे त्याच नजरेवर मोठा वैद्य झाला. बसूच न शकणारा, खोलीत येरझारा घालणारा एक रुग्ण त्यांच्याकडे आला. त्याला ‘बसा’ न म्हणता त्यांनी येरझारांनाच सूचना जोडल्या: आता इकडे वळा, आता त्या खुर्चीकडे या. पावलं मंदावत गेली आणि तो खुर्चीत बसला तो तंद्रीतच.

म्हणून मी आधी विचारते. कशाने गुंगता? कशाची भीती? जिना उतरण्याची प्रतिमा उंचीला घाबरणाऱ्याला देऊ नये. छातीत धडधड होऊन जीव घाबरा होणाऱ्याला श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं की धडधड वाढते. त्याचं लक्ष बाहेर न्यावं, पंख्याच्या आवाजाकडे, भिंतीच्या रंगाकडे. ज्या बाईवर कधी अत्याचार झाला आहे तिला आडवं व्हायला, डोळे मिटायला लावणं क्रूरपणा आहे. आणि स्पर्श तर नकोच, तिथे फारियांची तिसरी पायरी मी कायमची बाद केली आहे. काहीजणांना हुकूम खरंच आवडतो. घरात, शेतात, नोकरीत ज्यांनी आयुष्यभर निर्णय घेतले त्यांना तासभर कुणीतरी स्पष्ट सांगावं असं वाटतं. काहींना ‘हात जड होतोय’ म्हटलं की हात अडवून धरावासा वाटतो. त्यांना ‘कदाचित डावा, कदाचित उजवा, बघू या कुठला आधी’ असं म्हणावं. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना तर काहीच शिकवावं लागत नाही. ती डोळे उघडे ठेवून, चुळबुळ करत, हातात नसलेल्या बॅटने षटकार मारत असतात आणि तेवढ्यात ड्रेसिंग उरकतं.

भाषेचंही असंच. शिकत असताना एका कार्यशाळेत आमच्या हातात इंग्रजीवरून उतरवलेला मजकूर ठेवला होता: समुद्रकिनारा, पायाखाली मऊ वाळू, ‘तुम्ही अधिकाधिक खोल जात आहात’. आटपाडीच्या ज्या आजींना मी तो वाचून दाखवला त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता आणि खोल म्हटलं की त्यांना विहीर आठवत होती. ‘गुंगी’ म्हटलं की लोकांना ऑपरेशन आठवतं, ‘झोप’ म्हटलं तर आपण जागे आहोत म्हणजे जमलं नाही असं वाटून माणूस खट्टू होतो. आजींना शेवटी लागली ती पहाटेच्या जात्याची तंद्री. खुंटा, घरघर, पिठाचा ऊबदार वास. त्यांचा हात मांडीवर आपोआप गोल फिरू लागला तेव्हा मी बोलायचं थांबले होते.

मोठ्या रुग्णालयांतही हेच दिसतं. बेल्जियममध्ये लिएझला १९९२ पासून मारी-एलिझाबेथ फेमोन्व्हिल यांच्या चमूने स्थानिक भूल आणि संमोहन यांच्या जोडीने हजारो शस्त्रक्रिया पार पाडल्या, आणि तिथे रुग्ण स्वतःची एखादी सुखाची आठवण निवडतो. भूलतज्ज्ञ त्याला तिच्यात घेऊन जातो. मँचेस्टरचे पीटर व्होरवेल यांनी १९८४ मध्ये आतड्यांच्या जुनाट तक्रारीचे ३० रुग्ण घेऊन दाखवलं की पोटावर हात ठेवून ऊब जाणवण्याच्या सूचनांनी गुण येतो. वेदना, मळमळ, काही पोटाचे विकार, शस्त्रक्रियेआधीची धास्ती इथे संमोहनाची बाजू भक्कम आहे.

जिथे ती भक्कम नाही तिथे मात्र धंदा जोरात आहे. मागच्या जन्मात नेणारी, हरवलेल्या आठवणी खणून काढणारी सत्रं आपल्या शहरांत सर्रास चालतात. तंद्रीत आठवण स्पष्ट होते ही समजूत धोक्याची आहे. तिथे आठवण तयारही होते, आणि तयार झालेली खरीइतकीच लखलखीत दिसते. ज्यांना सहज लागते तेच याला सर्वांत आधी बळी पडतात. भास होणाऱ्या, भ्रमात असणाऱ्या रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीवाचून संमोहनाकडे नेणं तर घातक आहे. असे उद्ध्वस्त होऊन आलेले लोक मी समोर बसलेले पाहिले आहेत, आणि त्यांना पुन्हा डोळे मिटायला सांगण्याचं धाडस मला झालेलं नाही.

कुणाकडे जाणार असाल तर त्याच्या भिंतीवरची प्रमाणपत्रं जरूर बघा, तो मुळात डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ आहे का तेही विचारा. पण त्यानंतर एक प्रश्न आणखी विचारा: “हे मला जमलं नाही, तर तुम्ही दुसरं काय कराल?” क्लिशी रस्त्यावरच्या त्या कांदोळीच्या पाद्र्यापाशी याची दोन उत्तरं होती, आणि तीही संपली की समोरच्याला दोष न देता घरी जाऊ देण्याची तयारी होती.