सर्वांच्या गळ्यात बसणारी चाल



वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात तुमच्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. तिथली प्रार्थनाभूमी म्हणजे एक मोकळे अंगण. वर छप्पर नाही, पुढे गाभारा नाही. गांधीजी 1936 साली इथे राहायला आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. 1940 मध्ये ते सेवाग्राम झाले. त्या अंगणात आजही सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते.

आता विचारा, प्रार्थनेतल्या भजनांच्या चाली आल्या कुठून? शब्द संतांचे, हे आपण जाणतो. परंतु ते शब्द दहा प्रांतांच्या माणसांनी एका सुरात म्हणावेत, ही सोय कोणीतरी केलीच असणार. ती करणाऱ्यांत पहिले नाव येते पं. नारायण मोरेश्वर खरे यांचे. खरे हे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. 1918 च्या सुमारास ते साबरमती आश्रमात गेले आणि तिथलेच झाले. त्यांनी 'आश्रम भजनावली'ची भजने जमवली, त्यांना चाली लावल्या. तीत गुजराती, हिंदी, मराठी, बंगाली अशा अनेक भाषांतली पदे आहेत. 1930 च्या दांडीयात्रेतही ते चालत होते, गात होते. 1938 साली हरिपुरा येथे त्यांचे निधन झाले. पण त्यांची भजनावली साबरमतीहून सेवाग्रामला आली आणि इथेच राहिली.

शास्त्रोक्त गाणे शिकलेल्या माणसाला हे काम सोपे वाटेल, पण ते तसे नाही. मैफलीत गवई आपल्या गळ्याची ताकद दाखवतो. ऐकणाऱ्याने मान डोलवली की झाले. प्रार्थनेत ऐकणारा कोणी नसतोच, सगळेच म्हणणारे. म्हणून चाल फार वर चढून चालत नाही, तान-मुरक्यांची गर्दी चालत नाही. ठेका हाताला सापडणारा हवा, आणि ध्रुपद फिरून फिरून यायला हवे. म्हणजे ज्याला वाचता येत नाही तोही दुसऱ्या फेरीला सामील होतो. आपल्या वारकरी भजनात विणेकऱ्याने चरण धरायचा आणि टाळकऱ्यांनी तो उचलायचा, हीच युक्ती आहे.

दूर स्वीडनसारख्या देशात चर्चमध्ये गायकवृंद असतो. बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन, असे चार थरांचे आवाज एकाच वेळी चार वेगळ्या ओळी गातात आणि त्या एकमेकींत बसतात. असे धार्मिक वृंदगान रचणारे संगीतकार तिथे आजही आहेत. ते गाणे ऐकायला भरदार लागते, पण त्याला तालीम लागते. म्हणून जमलेल्या सगळ्यांनी म्हणायची साधी स्तोत्रे तिथेही वेगळी असतात. आपल्याकडे सगळे एकच चाल म्हणतात. पुरुष खालच्या सप्तकात, बाया-मुले वरच्या.

सेवाग्रामच्या प्रार्थनेत गीतेचे स्थितप्रज्ञाचे श्लोक आहेत, कुराणातले वचन आहे, पारशी प्रार्थना आहे आणि जपानी बौद्धांचा मंत्रही आहे. जपानचे फुजी गुरुजी 1933 मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचे भिक्षू पुढे आश्रमात राहिले, तेव्हा हा मंत्र आला. दुसऱ्याच्या धर्माचे शब्द आपल्या तोंडाने म्हणायचे, ही गोष्ट सगळ्यांना रुचली नाही. 1947 मध्ये दिल्लीत कुराणाच्या वचनाला हरकत घेतली गेली, तेव्हा गांधीजींनी ते वचन गाळले नाही. प्रसंगी प्रार्थनाच थांबवली. एकाला वगळून म्हटलेली प्रार्थना सर्वांची कशी होणार?

विदर्भात हे काम तुकडोजी महाराजांनी खेड्यापाड्यांत नेले. 1936 साली ते सेवाग्रामला गांधीजींजवळ राहिले होते. त्यांची खंजिरी आणि गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आपल्याला परकी नाही.

गुरुजी, आता तुमच्या शाळेकडे या. रोज प्रार्थना होते. पण म्हणतात किती? चांगल्या आवाजाच्या चार मुली पुढे, बाकीचे ओठ हलवतात. पेटीवरची पट्टी त्या चौघींसाठी धरलेली असते, ती एक-दोन स्वर उतरवून पाहा. भजनाचा अर्थ आधी सांगा. एक ओळ तुम्ही म्हणा, तीच मुलांना म्हणू द्या. हातांनी टाळी धरायला लावा. भोंगा असेल तर तो एकाच गळ्यापुढे ठेवू नका. बाकीचे गप्प बसतात. आणि ज्या मुलाला 'तुला सूर नाही, तू मागे राहा' असे सांगितले जाते, त्याला मधोमध उभे करा. दोन्ही बाजूंनी सूर कानावर पडला की पुष्कळ मुले हळूहळू सुरात येतात.

आठवडाभर असे करून पाहा, आणि शनिवारी ओठ न हलवणारी मुले किती उरली ते मोजा.