रात्रपाळीची सवय होत नाही

महाड एमआयडीसीत रात्र झाली म्हणून काम थांबत नाही. रसायनांचे कारखाने आहेत. बॅच एकदा लागली की ती मध्यरात्री सोडून घरी जाता येत नाही. त्यामुळे बिरवाडीपासून पोलादपूरच्या वाड्यांपर्यंत अनेक घरांना तिसरी, म्हणजे रात्रीची, पाळी ठाऊक आहे आणि तिच्याबद्दलचं एक वाक्यही. ‘पहिले पंधरा दिवस जड जातात, मग सवय होते. दिवसा आठ तास झोपलं की झालं.’ नवा पोरगा कामाला लागला की जुने कामगार त्याला हेच सांगतात, घरचेही हेच सांगतात.

हे खरं नाही. कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी खरं नाही.

मेंदूत सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. पेशींमधलं घड्याळ कोणत्या जनुकांवर चालतं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७चं नोबेल मिळालं. हे घड्याळ लागतं ते उजेडावर. डोळ्याच्या पडद्यातल्या काही खास पेशी त्याला दिवस की रात्र ते कळवत राहतात. आता तिसऱ्या पाळीचा माणूस सकाळी सुटतो आणि उन्हातून मोटारसायकलवर घर गाठतो. रात्रभरात घड्याळ थोडं सरकलं असलं, तरी त्या उन्हात ते पुन्हा दिवसाकडे ओढलं जातं. रोज हेच. सुट्टीच्या दिवशी तर तो घरच्यांसारखा रात्रीच झोपतो.

झोप लागायला अंगाचं तापमान उतरावं लागतं. ते पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं आणि दिवसाबरोबर चढत जातं. म्हणजे हा माणूस आडवा होतो तेव्हा शरीर जागं व्हायला निघालेलं असतं. त्यात महाडचा मे महिना, वर पत्रे आणि दारात मासेवाली. दुपारी बाराच्या आत डोळे उघडले तर त्याला ‘झोपेची शिस्त नाही’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. रात्रपाळीनंतरची झोप एरवीपेक्षा साधारण दोन ते चार तास कमीच भरते.

मग वीस वर्षं रात्रपाळी केलेल्यांचं काय? संशोधक सायमन फोकर्ड यांनी २००८मध्ये कायम रात्रपाळी करणाऱ्यांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकाचं चक्र पूर्णपणे रात्रपाळीशी जुळलेले लोक तीन टक्क्यांहूनही कमी निघाले. सवय होते ती थकव्याची, आणि ती जास्त धोक्याची. व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांच्या २००३च्या प्रयोगात १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांचं लक्ष दोन रात्री सलग जागलेल्यांइतकं ढासळलं. त्यांना स्वतःला मात्र त्याची फारशी जाणीव नव्हती. ‘सवय झाली’ हे वाक्य याच अवस्थेत तोंडातून निघतं, आणि तो माणूस व्हॉल्व्हसमोर उभा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं ते २००७मध्ये, आणि २०१९मध्ये तपासून तेच कायम ठेवलं.

झोपेबद्दलची अशी आणखीही वाक्यं आहेत. ‘चहा मारला की गाडी हाकता येते,’ हे गणपतीत मुंबईहून रात्री निघून पहाटे कशेडी घाटात पोचणाऱ्यांचं. सलग १७ तास जागा माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा वागतो, असं १९९७मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं; गाडी चालवणाऱ्यासाठी आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. चहाने झोप थोडा वेळ दबते, भरून निघत नाही. गाडी बाजूला लावून वीस मिनिटं झोपावं.

दुपारची डुलकी म्हणजे आळस? चेन्नईतल्या कष्टकऱ्यांवर झालेल्या, २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कामाच्या जागी छोटी डुलकी घेणाऱ्यांचं काम सुधारलं.

पूर्वीची माणसं दिवेलागणीला झोपायची, हेही सर्रास ऐकू येतं. वीज नसलेल्या तीन समाजांवरच्या, २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोक सूर्यास्तानंतर सरासरी तीन तासांहून थोड्या जास्त वेळाने झोपत होते.

आणि रात्री दोनचा डबा ‘ताकद येते’ म्हणून भरपेट खाऊ नये. २०२१च्या एका प्रयोगशाळेतल्या अभ्यासात नकली रात्रपाळीत रात्री जेवणाऱ्यांची रक्तातली साखर ६.४ टक्क्यांनी वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही.

रात्रपाळी बंद करा, असं महाडमध्ये कोणी सांगू शकत नाही. पोटाचा प्रश्न आहे. पण खोलीत काळा पडदा, घरी येताना गडद चष्मा, पाळीवर जाण्याआधी तासभर झोप एवढं जमतं. व्यवस्थापनाला आणखी एक गोष्ट जमते. माणसाचं घड्याळ २४ तासांहून दहा-बारा मिनिटं लांब चालतं, म्हणून त्याला मागे खेचण्यापेक्षा पुढे ढकलणं सोपं. अमेरिकेतल्या युटामध्ये खनिज-रसायनांच्या एका कारखान्यात पाळ्या उलट्या क्रमाने फिरत होत्या. झोपेचे संशोधक चार्ल्स झायस्लर यांच्या गटाने तो क्रम सुलटा केला आणि दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी पाळी बदलली. कामगारांचं समाधान वाढलं आणि उत्पादनही. हे १९८२मध्ये छापून आलं आहे. पहिलीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी: ज्या कारखान्यात अजून तक्ता उलटा लागतो, तिथे तो पुढच्या महिन्यापासून बदलता येईल.