चालू असतानाच बदलायचं यंत्र

लाईट गेली की सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये जेमतेम 10 ते 20 मिलिसेकंद पुरेल एवढी वीज शिल्लक असते. डिझेल जनरेटर सुरू होऊन लोड घ्यायला 10 ते 15 सेकंद लागतात. मधला वेळ भरून काढतो तो यूपीएस. छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा इथल्या कारखान्यांत, बँकांत, रुग्णालयांत, जिथे म्हणून सर्व्हर रूम आहे तिथे शेजारच्या खोलीत हे यंत्र आणि त्याच्या बॅटऱ्यांच्या रांगा उभ्या असतात. वर्षातले बहुतेक दिवस त्यांची परीक्षाच होत नाही. त्यामुळे यंत्र कधी म्हातारं झालं ते कुणाच्या लक्षात येत नाही.

लोडशेडिंगच्या वर्षांत ही परीक्षा रोज व्हायची. बॅकअप वीस मिनिटांवरून बारा मिनिटांवर आला की ऑपरेटरला लगेच कळायचं. आता वीज बऱ्यापैकी टिकून असते आणि बॅटऱ्या महिनोन्‌महिने नुसत्या चार्जवर असतात. रोजच्या झिजेतून त्या वाचल्या, पण त्यांच्या तब्येतीची रोजची बातमी मिळणंही थांबलं.

खोलीत शिरून पाहिलं तर गोष्ट स्पष्ट होते. 12 व्होल्टच्या तीसचाळीस बॅटऱ्या एकामागे एक जोडून एक बँक तयार होते. मीटर लावला तर प्रत्येकीवर साधारण साडेतेरा व्होल्ट दिसतात. आकडा ठीक, दिवा हिरवा. पण तंत्रज्ञ आतला रोध मोजणारं उपकरण टर्मिनलला लावतो तेव्हा रांगेतली एखादी बॅटरी शेजारणींपेक्षा दीडपट आकडा दाखवते. नीट पाहिलं तर तिची कड किंचित फुगलेली असते, टर्मिनलवर पांढरट थर आलेला असतो. ही एक बॅटरी बसली की ऐन वेळी अख्खी बँक बसते, कारण सगळ्यांचा करंट तिच्यातूनच जायचा असतो.

इथलं हवामानही हिशोबात धरावं लागतं. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं कागदावरचं आयुष्य 25 अंश तापमान गृहीत धरून दिलेलं असतं. तापमान सुमारे 10 अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40च्या पुढे जातो. सर्व्हरला एसी हवाच म्हणून तो चालू राहतो, पण बॅटरीच्या खोलीतला एसी बिल वाचवायला बंद केला जातो. मग दहा वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी चारपाच वर्षांतच थकते. यूपीएसमधले कपॅसिटर आणि पंखेही उष्णतेने लवकर जातात. ते साधारण पाच ते सात वर्षांनी बदलावे लागतात. यंत्राचा सांगाडा आणि इलेक्ट्रॉनिक्स नीट सांभाळलं तर दहा-पंधरा वर्षं चालतं.  

म्हणजे ‘यूपीएस कधी बदलायचा?’ या प्रश्नाला एकच तारीख हे उत्तर होऊ शकत नाही. प्रत्येक भागाचं वय वेगळं, म्हणून प्रत्येकाची तारीखही वेगळी. वय पाहायचं, आणि मोजमापही. बॅटरीची क्षमता मूळच्या 80 टक्क्यांखाली आली की ती बदलावी, हा या क्षेत्रातला रुळलेला निकष आहे. ही क्षमता खरा लोड टाकूनच कळते. तिसरी गोष्ट सुटे भाग. कंपनीने त्या मॉडेलची सर्किट कार्डं बनवणं थांबवलं की ठणठणीत यंत्रही एका बिघाडापुरतंच उरतं. चौथी गोष्ट लोडची. सर्व्हर वाढले किंवा क्लाउडवर गेले, तर जुन्याच मापाचा यूपीएस पुन्हा घेणं चूक ठरतं.

मार्चअखेरीची घाईही इथे नडते. निधी संपवायचा म्हणून बॅटऱ्या घेतल्या जातात आणि काम सुरू होईपर्यंत खोक्यात पडून राहतात. पडून असलेली बॅटरी आपोआप उतरत जाते. सहा महिन्यांत चार्ज केली नाही तर नवी म्हणून बसते ती आधीच झिजलेली. पैसे कमी आहेत म्हणून एकाच बँकेत अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या बॅटऱ्या जोडणंही महाग पडतं. जुन्या बॅटऱ्या नव्यांनाही लवकर खाली खेचतात.

मुदत उलटलेली यंत्रणा किती महागात पडू शकते, हे 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियाने पाहिलं. डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. बॅटऱ्यांची दहा वर्षांची मुदत संपून गेलेली होती. 709 सरकारी संगणक प्रणाली बंद पडल्या, टपाल खात्यापासून ओळखपत्रापर्यंत. बदल उशिरा करणं धोक्याचं, आणि बदलाचं कामही धोक्याचं. म्हणून ते शांत डोक्याने, ठरवलेल्या दिवशी, जनरेटर चालू ठेवून, एकेक बँक वेगळी काढून करायचं असतं. आपल्याकडे त्यासाठी हिवाळा बरा.

उशिराची किंमत या शहराला वेगळी सांगायला नको. जायकवाडीहून येणारी 700 मिलिमीटरची जलवाहिनी 1970च्या दशकातली, 1400 मिलिमीटरची 1990च्या दशकातली. नवी पाणीपुरवठा योजना 2019 साली 1,680 कोटी रुपयांना मंजूर झाली, पुढे तिचा खर्च 2,740 कोटींवर गेला. तोवर जुनी वाहिनी फुटली की दर वेळी घराघरातल्या हंड्यांनी वाट पाहिली.

आता शहर संगणकावर अधिक विसंबतंय. शेंद्र्यातल्या ऑरिक या औद्योगिक शहराच्या प्रशासकीय इमारतीचं, ऑरिक हॉलचं, उद्घाटन 7 सप्टेंबर 2019 रोजी झालं. स्मार्ट सिटीचे सुमारे 700 कॅमेरे नियंत्रण केंद्राला जोडले गेले. त्या काळात या शहरात कुठेही बसवलेली लेड-ॲसिड बॅटरी आज आपलं एक आयुष्य जगून बसली आहे. जिथे ती बदलली नसेल तिथे हीच वेळ आहे.

ज्यांच्या हातात अशा खोलीची किल्ली आहे त्यांनी तीन कामं करावीत. प्रत्येक बँकेवर बसवल्याची आणि बदलण्याची तारीख ठळक लिहावी. दर वर्षी उन्हाळ्याआधी लोड टाकून चाचणी घ्यावी आणि आकडा रजिस्टरमध्ये नोंदवावा. आणि बदलीचा खर्च यंत्र घेतल्याच्या वर्षापासूनच अंदाजपत्रकात थोडा थोडा बाजूला काढावा. जुन्या बॅटऱ्या संकलन, नूतनीकरण किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या संस्थेलाच द्याव्यात, 2022च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते बंधनकारकही आहे. ‘चालतंय ना, मग चालू द्या’ हा निर्णय वाटतो, पण तो निर्णय पुढे ढकलणं आहे. हे यंत्र चालू असतानाच बदलावं लागतं. बंद पडल्यावर होते ती फक्त धावपळ.