जाते थांबले, ओवी उरली

गावोगावी विजेची गिरणी आली आणि बाईच्या खांद्यावरचा मोठा भार उतरला. त्याचे दुःख कुणी करू नये. पण जात्याबरोबर ओवीची जागाही गेली. ओवी कुणाला ऐकवायला म्हणायची नव्हतीच. पहाटेच्या अंधारात एकीने ओळ धरायची, दुसरीने उचलायची, आणि वैरण घालता घालता सासुरवास, भाऊ, पंढरी, लेकीची पाठवणी हे सारे खुंट्यापाशी बोलून मोकळे व्हायचे. घरात जे कुणी ऐकले नसते, ते जाते ऐकत असे.

ओव्या कागदावर उतरवण्याचे काम जुने आहे. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ आणि सरोजिनी बाबर यांची संकलने यांचे ऋण मोठे. पण कागदावर शब्द उतरतात, गळा उतरत नाही.

१९८०च्या दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन भारताचे नागरिक झालेले गी पॉइत्वाँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. ‘गरीब डोंगरी संघटने’च्या कामानिमित्त ते तिथल्या बायकांमध्ये वावरतच होते, म्हणून ओवी आपसूक पुढे आली. काम पुढे पसरत गेले आणि हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. मला आकड्याहून मोठे वाटते ते हे, की ओवीपुढे गाणारीचे नाव आणि गाव लिहिले गेले. ‘लोकगीत’ म्हटले की कर्ती पुसली जाते; इथे ती राहिली.

१९९०च्या दशकात संगीतसंशोधक बर्नार्ड बेल यांच्यासह ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि सुमारे १२० तासांचे आवाज टेपवर आले. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायका बाबासाहेबांवर ओव्या गातात. जात्यावर विठ्ठलाशेजारी भीमराव येऊन बसले, हे कुठल्याही इतिहासग्रंथाआधी त्या ओव्यांनी नोंदवले असेल.

२००४ साली गी गेले, २०१० साली हेमाताई. काम थांबते की काय अशी वेळ होती. मात्र २०१७पासून पत्रकार पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहालयाने ओव्या आवाज, छायाचित्रे आणि अनुवादासह खुल्या केल्या. त्यासाठी ‘पारी’ची मंडळी पुन्हा त्याच गावांत गेली. वीस वर्षांनी थकलेल्या बायका पुन्हा जात्याशी बसल्या, खुंट्याला हात लागला आणि ओळ आठवली.