‘रेंज’ गेल्याचे मोबाईलला उशिरा का कळते?

देवळाली कॅम्प – देवळाली स्थानकातून मुंबईकडे निघालेली गाडी इगतपुरी मागे टाकून कसारा घाट उतरू लागली, की डब्यातील संभाषणे एकापाठोपाठ एक तुटू लागतात. अनेकदा पडद्यावर रेंजच्या रेघा दिसत असतात. मात्र निरोप जात नाही आणि पलीकडचा आवाजही येत नाही. काही क्षणांनी त्या रेघाही नाहीशा होतात. हा दोष डोंगराचा आणि बोगद्यांचा, असे प्रवासी मानतात. ते खरे असले, तरी पुरते खरे नाही. संपर्क तुटल्याचे मोबाईललाच उशिरा कळते, हेही त्यामागचे एक कारण आहे आणि या उशिराच्या मुळाशी बॅटरी वाचविण्याचा हिशेब आहे.

झोपेचे वेळापत्रक

मोबाईलमधील रेडिओ यंत्रणा अखंड चालू राहिली, तर बॅटरी फार लवकर उतरेल. म्हणून ‘फोर-जी’ प्रणालीत नेटवर्क मोबाईलला झोपेचे वेळापत्रक ठरवून देते. मोबाईल ठरावीक अंतराने जागा होतो, आपल्यासाठी काही आले आहे का, ते पाहतो आणि पुन्हा झोपतो. या फेरीला ‘डीआरएक्स चक्र’ असे नाव आहे.

जागेपणी तो टॉवरच्या संकेताचा दर्जाही तपासतो. टॉवरच्या सूचनांपैकी १० टक्के चुकीच्या वाचल्या जातील, इतका संकेत खालावला, की ‘संपर्क बिघडला’ अशी नोंद होते. हे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत उतरले, की ‘संपर्क सुधारला’ असे मानले जाते.

मोबाईल सतत जागा असेल, तर बिघाडाची नोंद करण्यासाठी २०० मिलिसेकंदांचे निरीक्षण पुरते. झोपेचे चक्र लांबले, की हा अवधीही लांबतो. संभाषण चालू असताना ४० मिलिसेकंदांचे चक्र असेल, तर तशा २० फेऱ्या, म्हणजे ०.८ सेकंद लागू शकतात. चक्र ०.३२ सेकंदाचे असेल, तर १० फेऱ्यांना ३.२ सेकंद आणि २.५६ सेकंदांचे असेल, तर ५ फेऱ्यांना १२.८ सेकंद. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी २०० मिलिसेकंदांत जेमतेम साडेतीन मीटर पुढे सरकते, १२.८ सेकंदांत मात्र ती २१० मीटरांहून अधिक अंतर कापते. तेवढ्यात टॉवर डोंगराआड गेलेला असतो.

घाई नको, दिरंगाईही नको

मग झोपेचे चक्र सर्वांसाठीच लहान का ठेवले जात नाही? कारण तसे केल्यास बॅटरीवरील भार वाढतो. शिवाय पहिल्याच नोंदीवर विसंबून संपर्क तोडणेही योग्य नसते. एखादा पूल किंवा शेजारून जाणारी गाडी यांमुळे संकेत क्षणभर मंदावतो आणि लगेच सावरतो. म्हणून बिघाडाच्या ठरावीक नोंदी सलग झाल्यावरच एक घड्याळ सुरू होते. नोंदींची ही संख्या १ ते २० पर्यंत, तर घड्याळाची मुदत जास्तीत जास्त २ सेकंदांपर्यंत ठेवता येते. मुदतीत संकेत सावरला, तर घड्याळ थांबते. न सावरल्यास संपर्क तुटल्याचे मान्य करून मोबाईल दुसऱ्या टॉवरचा शोध घेऊ लागतो. मुदत फार कमी ठेवली, तर चांगली संभाषणे विनाकारण तुटतात. फार ठेवली, तर माणूस बंद पडलेल्या फोनवर ‘हॅलो, हॅलो’ करीत राहतो.

या पेचातून काढलेला मार्ग सोपा आहे. घड्याळ सुरू होताच मोबाईल झोपेचे वेळापत्रक बाजूला ठेवतो आणि निकाल लागेपर्यंत संकेताची तपासणी जागेपणीच्या वेगाने करतो. एरवी बेताचा पहारा आणि चाहूल लागताच खडा पहारा, ही छावणीच्या गावाला परिचित असलेलीच रीत आहे.

‘फाइव्ह-जी’तील सवलत

भारतात ‘फाइव्ह-जी’ सेवेचा प्रारंभ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाला. त्याच वर्षी ‘थ्रीजीपीपी’ या आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेने पूर्ण केलेल्या १७व्या आवृत्तीत आणखी एक सोय करण्यात आली. संकेत चांगला असेल आणि मोबाईल फारसा हलत नसेल, तर ही तपासणी विरळ करण्याची मुभा नेटवर्कला देता येते. लॅम रोडवरील बंगल्यात टेबलावर पडून असलेल्या मोबाईलला या सवलतीचा लाभ होऊ शकतो. घाट उतरणाऱ्या गाडीतील मोबाईलला ती लागू होऊ नये, हाच या अटींचा हेतू आहे.

प्रवाशांनी काय करावे?

संकेत क्षीण असताना मोबाईल आपला आवाज टॉवरपर्यंत पोचविण्यासाठी प्रक्षेपणाची शक्ती वाढवतो. ‘फोर-जी’त सर्वसाधारणपणे ती २०० मिलिवॉटपर्यंत जाते. त्यात टॉवरचा वारंवार शोध घ्यावा लागतो. त्यामुळेच घाटात बॅटरी झपाट्याने उतरते आणि हँडसेट गरम होतो. महत्त्वाचा निरोप इगतपुरी सोडण्यापूर्वीच पाठविणे हिताचे. कोणाच्या फोनची प्रतीक्षा नसेल, तर घाट संपेपर्यंत ‘एअरप्लेन मोड’ सुरू ठेवावा. रेघा दिसूनही निरोप अडला असेल, तर हाच मोड क्षणभर सुरू करून बंद करावा. म्हणजे मोबाईल टॉवरचा शोध नव्याने घेतो. घरी आजारी माणूस असेल किंवा तातडीचा फोन येणार असेल, तर मात्र बॅटरीची काटकसर करू नये.